नागपुरात पहिल्यांदा फाइन डाइनला जाताय? दोघांच्या दुपारच्या जेवणाची तयारी

नागपुरातली मैत्री तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर आणि चहाच्या टपरीवर वाढते. त्यासाठी कुणाला मार्गदर्शन लागत नाही. पण मित्राला पुण्यात नोकरी लागते, मैत्रिणीची पीएचडी संपते, मिहान या औद्योगिक भागातल्या कंपनीत पहिला पगार हातात पडतो, आणि मग वाटतं की एकदा तरी नीट बसून, घाई न करता, चांगल्या ठिकाणी जेवू. धास्ती तिथूनच सुरू होते. बिल किती होईल, घालायचं काय, मेन्यूतलं नाव धड वाचता आलं नाही तर वेटर हसेल का?

वेटर हसत नाही. आणि बाकीच्या धास्तीवर उपाय आहे: ठरवण्यासारखं जे जे आहे ते घरूनच ठरवून निघायचं. अशा ठिकाणी आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, त्यातला मोठा वाटा दीड-दोन तास निवांत बसायला मिळण्याचा असतो. तो वेळ मेन्यूच्या उजवीकडच्या आकड्यांची मनातल्या मनात बेरीज करण्यात गेला, तर जेवण कितीही चांगलं असो, गप्पा राहून जातात.

दिवस आणि वेळ

पहिल्यांदा जाताना रात्र नको, दुपार धरा. बऱ्याच ठिकाणी दुपारी ‘सेट लंच’ किंवा ‘बिझनेस लंच’ असतं: ठरावीक किमतीत सूप किंवा सॅलड, एक मुख्य पदार्थ आणि गोड. तेच पदार्थ रात्री सुटे सुटे मागवले तर खिशाला बरीच जड जातात. शिवाय दुपारी गर्दी कमी, संगीत हळू, आणि वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला फुरसत.

त्यातही आठवड्याचा मधला दिवस उत्तम. रविवारी मोठ्या हॉटेलांत बहुतेक ब्रंच किंवा बुफे असतो. लहान मुलं टेबलांमधून पळत असतात, आणि लग्नसराईत तर लॉबीतच वरातीची मंडळी भेटतात. बुफे वाईट असं नाही, पण दर दहा मिनिटांनी दोघांपैकी एक जण ताट घेऊन उठलेला असेल तर गोष्ट पुढे सरकत नाही.

दुपारचं किचन साधारण साडेबाराला सुरू होतं आणि तीनच्या आसपास शेवटची ऑर्डर घेतात. म्हणून साडेबारा ते एकचं टेबल घ्या. पावणेतीनला पोचलात की मेन्यू उघडेपर्यंतच ‘लास्ट ऑर्डर, सर’ ऐकू येतं आणि गोड पदार्थ घाईत उरकावा लागतो.

तारीख धरताना नागपूरचं पंचांगही बघा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्सपासून वर्धा रोडपर्यंतची हॉटेलं मंत्री, आमदार आणि त्यांच्यामागच्या माणसांनी भरून जातात. टेबल मिळालंच तर शेजारच्या टेबलावर बदल्यांची चर्चा ऐकत जेवायची तयारी ठेवा. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, त्यामुळे बजाजनगर, लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनी या बाजूचे रस्ते त्या दिवसांत जेवणाच्या बेतासाठी धरूच नका.

आणि मित्राला उपवास कोणता, ते आधी विचारा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, श्रावण. बाहेर एवढा बेत आखायचा आणि समोरच्याने तिथे बसून ‘मी आज फक्त फळं’ म्हणायचं, याच्यासारखी पंचाईत नाही. उपवासाची साबुदाणा खिचडी फ्रेंच नावाच्या मेन्यूत सापडत नाही.

जागा निवडताना

नागपुरात या प्रकारच्या जागा साधारण दोन जातींच्या. एक, मोठ्या हॉटेलांतली रेस्टॉरंट: वर्धा रोडवर रॅडिसन ब्लू, ल मेरिडियन, रामदासपेठेत सेंटर पॉइंट, तुली इम्पीरियल. दुसरी, धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, सदर या भागांतली स्वतंत्र रेस्टॉरंट. हॉटेलात सेवा जास्त मुरलेली असते, खुर्च्या आरामशीर असतात, पार्किंगची चिंता नसते. स्वतंत्र ठिकाणी शेफला जास्त मोकळीक असते आणि मेन्यूत काही नवं सापडण्याची शक्यता अधिक.

पण एक मोठा फरक मेन्यूत मोठ्या अक्षरांत लिहिलेला नसतो. तो कराचा. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला मात्र साधारणपणे १८ टक्के लागतो, तुम्ही खोली घेतलेली नसली तरी. समजा दोघांच्या जेवणाचे ३,००० रुपये झाले. स्वतंत्र ठिकाणी कर धरून ३,१५०. मोठ्या हॉटेलात ३,५४०. फरक ३९० रुपयांचा, म्हणजे जवळजवळ एका गोड पदार्थाचा. मला विचाराल तर पहिल्या वेळी स्वतंत्र जागा बरी. तिथला थाट थोडा कमी असतो, त्यामुळे आपलाही ताठा लवकर सुटतो.

सावजीबद्दल एक सांगून ठेवतो. मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर कधी कधी ‘सावजी चिकन’, ‘सावजी मटण’ दिसतं. बाहेरगावच्या पाहुण्याला ते मागवायचा मोह होतो. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं हे जेवण स्टीलच्या ताटात, लिंबू पिळून, नाक पुसत खायचं असतं, आणि त्यासाठी सावजी भोजनालयंच बरी. हॉटेलातलं सावजी पाहुण्यांच्या जिभेला सांभाळून केलेलं असतं, त्यात तिखटाची धार गेलेली आणि किंमत चौपट. ज्या किचनचा हात ज्या पदार्थावर बसलेला आहे, तोच तिथे मागवा.

जागा पक्की करण्याआधी मेन्यूचे अलीकडचे फोटो बघून घ्या. जुन्या फोटोंतल्या किमतींवर बजेट बांधू नका. दोघांचं मिळून जे बजेट असेल, त्याच्या तीन-चतुर्थांशात मेन्यूवरच्या किमती बसल्या पाहिजेत. उरलेला चौथा भाग कर, पाणी, टिप आणि ‘चल, अजून एक कॉफी घेऊ’ यासाठी.

टेबलासाठी फोन

डिस्ट्रिक्ट, डाइनआउट, इझीडायनर अशा ॲपवरून टेबल बुक करता येतं, सवलतही मिळते. ती सेट लंचवर चालते का आणि किती वाजेपर्यंत, एवढं वाचून घ्या. पण पहिल्या वेळी मी फोनच करायला सांगेन. ॲपवर जे विचारता येत नाही ते फोनवर दोन मिनिटांत कळतं. बोलणं साधारण असं:

‘नमस्कार, येत्या बुधवारी दुपारी साडेबाराला दोघांसाठी टेबल हवं होतं.’

‘हो सर, नाव सांगा. काही खास निमित्त?’

‘मैत्रिणीची नोकरी लागलीय. कोपऱ्यातलं टेबल मिळालं तर बरं, किचनच्या दाराजवळचं नको. दुपारी सेट लंच आहे का? तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, ते लिहून ठेवाल का? आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावता का?’

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण रोज चार जण तो विचारतात. त्याबद्दल बिलाच्या वेळी सविस्तर बोलू.

केक न्यायचा असेल तर बाहेरचा चालतो का ते विचारा. काही ठिकाणी कापायचे वेगळे पैसे घेतात. आणि मित्र बुजरा असेल तर आधीच सांगून टाका: ‘गाणं लावून, टाळ्या वाजवत कुणी येऊ नका.’ नाहीतर सहा वेटर मेणबत्ती घेऊन टेबलाभोवती उभे राहतात आणि मित्र वर्षभर तुमच्या नावाने बोटं मोडतो.

टेबलाची वेळ पाळा. उशीर होणार असेल तर कळवा. बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं वाट बघून टेबल दुसऱ्याला देतात.

कपडे आणि पोचणं

सूट-टायची गरज नाही. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणतात त्याचा अर्थ इस्त्रीचा शर्ट, फुल पँट, बूट. साडी, कुर्ता, सलवार-कमीज सगळं चालतं. पुरुषांना हाफ पँट आणि रबरी चप्पल यावर मात्र काही ठिकाणी दारातच अडवतात.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. दुचाकीवर दुपट्टा गुंडाळून आलात तरी पोचल्यावर चेहरा लालबुंद होणारच. दहा मिनिटं आधी पोचा, वॉशरूममध्ये तोंडावर पाणी मारा, मग टेबलावर जा. आतला एसी अर्ध्या तासाने बोचायला लागतो, तेव्हा तोच दुपट्टा खांद्यावर कामी येतो. वर्धा रोडला जायचं तर सीताबर्डीहून खापरीकडे जाणारी मेट्रोची ऑरेंज लाइन आहे. रामदासपेठेसाठी ॲक्वा लाइनवर झाशी राणी चौकाला उतरून ऑटो करा. गाडी नेलीत तर व्हॅलेची, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या माणसाने दिलेली, पावती जपा आणि डॅशबोर्डवर पैसे ठेवू नका.

मेन्यू हातात आल्यावर

बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो पाण्याचा: ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ म्हणजे बाटलीतलं साधं की बुडबुड्यांचं. यातलं कुठलंही उत्तर दिलंत तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात, कधी कधी बाहेरच्या किमतीच्या कितीतरी पट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हॉटेल-रेस्टॉरंटांना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग नाही. साधं पाणी हवं असेल तर ‘रेग्युलर वॉटर, प्लीज’ एवढंच म्हणा. यात कमीपणा कसलाच नाही.

मग मेन्यू. घाई करू नका, वेटर शेजारी उभा राहिला तर ‘पाच मिनिटं द्या’ म्हणा. सुरुवातीला छोट्या ताटलीत एकच घास येऊन बसला, तर चुकून आलं असं समजून परत पाठवू नका. तो शेफकडून असतो, त्याचे पैसे नसतात. ब्रेड आणि लोणी येतं, तेही बहुतेक ठिकाणी मोफत. पण गरम ब्रेड पोटभर खाऊन पुढच्या सगळ्यावर पाणी सोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दोघांसाठी ऑर्डरचा साधा हिशेब: एक सूप ‘वन बाय टू’, एक किंवा दोन स्टार्टर, दोन मुख्य पदार्थ, एक गोड आणि दोन चमचे. वन बाय टू मागायला लाजू नका, चांगल्या ठिकाणी दोन वेगळ्या वाट्यांत नीट वाढून आणतात. भारतीय पदार्थ असतील तर मुख्य पदार्थ दोघांत वाटूनच खायचा असतो: एक भाजी किंवा चिकन, एक डाळ, रोट्या, पुरे. कॉन्टिनेंटलमध्ये, म्हणजे युरोपीय पदार्थांत, प्रत्येकाची प्लेट सजवून वेगळी येते. दोघांनी एकच पदार्थ मागवण्यापेक्षा दोन वेगळे मागवा आणि ‘शेअर करणार आहोत’ असं आधीच सांगा. जास्तीच्या प्लेटा येतात, मग एकमेकांच्या ताटात काटा घालताना टेबलक्लॉथवर सॉस सांडत नाही.

कुठल्याही पदार्थाबद्दल तीन प्रश्न बिनधास्त विचारा: यात मुख्य काय आहे, तिखट किती, आणि किती वेळ लागेल. वेळेचा प्रश्न महत्त्वाचा. रिसोटो हा इटालियन भात नीट केला तर तांदूळ शिजायलाच अठरा-वीस मिनिटं जातात. सूफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्याचा हलका गोड पदार्थ, भट्टीतून फुगून येईपर्यंत वीस-पंचवीस, म्हणून तो मुख्य पदार्थासोबतच सांगून ठेवायचा. रिसोटो पहिल्यांदा खाणाऱ्याला दचकायला होतं. आर्बोरिओ नावाचा जाड, पिठूळ तांदूळ रस्सा थोडा थोडा घालत, सतत ढवळत शिजवतात, त्याचा स्टार्च सुटतो आणि भात आसट खिचडीसारखा ताटलीत पसरतो. दाण्याच्या पोटात मात्र दाताला किंचित लागेल असं काहीतरी उरतं. ते कच्चं राहिलेलं नसतं. पास्त्याचंही तसंच. आपल्याकडच्या शेवयांसारखा मऊ हवा असेल तर ऑर्डर देतानाच ‘थोडा जास्त शिजवा’ म्हणा, शेफ रागावत नाही.

परत पाठवण्याची कारणं वेगळी: चिकन आतून गुलाबी, मासा वास मारतोय, सूप कोमट, भलताच पदार्थ आला, केस निघाला. दोन घासांतच सांगा. अर्धी प्लेट संपवून तक्रार केली की तुम्हीच तोंडघशी पडता.

माशांपुढे किमतीऐवजी ‘एपीएस’ किंवा ‘मार्केट प्राइस’ लिहिलेलं असेल तर थांबा. त्याचा अर्थ आकारानुसार किंवा त्या दिवशीच्या भावाने. आकडा विचारल्याशिवाय हो म्हणू नका. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तेव्हा ‘आज ताजं काय आलंय?’ हेही विचारावं. सरळ उत्तर देणारा वेटर भेटला तर पुढची सगळी ऑर्डर त्याच्या सल्ल्याने द्या.

गोडात हिवाळ्यात संत्र्याचं काही दिसलं तर घ्या. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात तयार होणारी, फळं तेव्हा बाजारात असतात, आणि २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आपलं संत्रं शेफच्या हाती काय होतं ते बघण्यासारखं असतं. मे महिन्यात त्याच नावाच्या पदार्थाचा मोह टाळा आणि आंब्याकडे वळा.

दारू घ्यायची की नाही तो तुमचा प्रश्न. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र मागू शकतात. दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट वेगळा लागतो. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला ती मिळत नाही. मित्र वर्ध्याहून गाडी चालवत आला असेल तर त्याला बिनदारूचं मॉकटेलच पाजा. तो जिल्हा दारूबंदीचा आहे, आणि गाडी त्यालाच परत न्यायची आहे.

काटे-चमचे

याचा लोक उगाच बाऊ करतात. ताटाच्या दोन्ही बाजूंना जास्तीचे काटे-सुऱ्या असतील तर बाहेरून सुरुवात करून आत यायचं. डावीकडची छोटी ब्रेडची ताटली तुमची, उजवीकडचा ग्लास तुमचा. नॅपकिन मांडीवर. जेवताना मध्येच थांबलात तर काटा-सुरी ताटात तिरपी, एकमेकांपासून दूर ठेवा. संपलं की दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे वेटर न विचारता ताट उचलतो. बोलण्याच्या नादात अर्ध्या ताटावर दोन्ही जवळ ठेवलीत तर उरलेला पास्ता गायब होतो. रोटी, नान हातानेच खा. लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी हात धुवायला असतं.

वेटरला हाक मारताना चुटकी नको, ‘शुक शुक’ नको. नजरानजर झाली की हात थोडा वर करा. ‘दादा’ म्हटलं तरी चालतं, ‘भाऊ’ तर नागपुरात सगळीकडेच चालतं.

बिल

पैसे कोण देणार हे घरून निघतानाच ठरलेलं असावं. ‘पार्टी माझी’ म्हणून बोलावलं असेल तर बिल तुमचंच. टेबलावरची ओढाओढ टाळायची तर कॉफी आली की हात धुवायच्या निमित्ताने उठा आणि काउंटरवर पैसे चुकते करून या. निम्मं-निम्मं ठरलं असेल तर एकाने भरावं आणि दुसऱ्याने लगेच यूपीआय करावं. वेटरला दोन बिलं करायला लावू नका.

बिल आलं की वाचा. वाचणं असभ्य नाही. न मागवलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेलं स्टार्टर, हे तपासा. मग सर्व्हिस चार्जची ओळ. हा सरकारी कर नाही, रेस्टॉरंटने स्वतःहून लावलेली रक्कम असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. वर सर्व्हिस चार्जवर जीएसटीही चढतो. मघाच्याच मोठ्या हॉटेलातल्या ३,००० च्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे ३००, मग ३,३०० वर १८ टक्के म्हणजे ५९४, एकूण ३,८९४. सर्व्हिस चार्ज काढला तर ३,५४०. शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा, बहुतेक ठिकाणी नवं बिल येतं. ऐकलंच नाही तर मित्रासमोर भांडत बसू नका. बिलाचा फोटो घ्या आणि नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा.

सर्व्हिस चार्ज काढून घेतला असेल आणि सेवा मनासारखी झाली असेल, तर टिप जरूर द्या. पाच ते दहा टक्के, शक्यतो रोख, आणि ज्याने वाढलं त्याच्या हातात. कार्डावर दिलेली टिप त्याच्यापर्यंत कधी पोचते याचा भरवसा नसतो. व्हॅलेवाल्यासाठी सुटे वेगळे ठेवा.

उरलेलं बांधून मागा. सेट लंच आणि सुट्या ऑर्डरचं उरलेलं देतात, बुफेचं देत नाहीत. फक्त उन्हाळ्यात ते पार्सल गाडीच्या डिकीत टाकून दोघं फुटाळा तलावावर फिरायला जाऊ नका. मलईच्या सॉसमधलं चिकन मे महिन्याच्या डिकीत तासाभरातच बिघडायला लागतं. आधी घरी जाऊन फ्रिजमध्ये ठेवा, फुटाळा संध्याकाळी.